श्रीमंत व्हायचे आहे, असे म्हणायला लाज कसली?



जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा सध्या तालुक्या-तालुक्यांत फिरतो आहे. तो आमच्याही हाती आला. कांद्याच्या निर्यातीत पुन्हा हात घालू नये, सोयाबीनच्या भावात आयातीने पाचर मारू नये, शेतीला दिवसा वीज मिळावी, या सगळ्या मागण्या रास्त आहेत आणि त्यांबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे. 'शेतकऱ्याला माड्या बांधायच्या नाहीत, त्याला श्रीमंत व्हायचे नाही, दोन वेळची भाकरी आणि अंगभर कपडा मिळाला तरी तो समाधानी आहे.' वाक्य लिहिणारा कार्यकर्ता आपलाच आहे, तळमळीचा आहे, आणि सभेत हे वाक्य वाचले तर टाळ्याही पडतील. तरी ते वाक्य खोडावे असे आमचे म्हणणे आहे.

आधी ते खरे आहे का, एवढेच पाहू. येवल्याच्या बैठकीत आम्ही हा प्रश्न सरळ टाकला. ज्याला श्रीमंत व्हायचे नाही त्याने हात वर करावा. चाळीस-पंचेचाळीस माणसे बसली होती. एक हात वर आला, तो एका म्हाताऱ्या बाबांचा, आणि तेही हसत म्हणाले, "माझं काय राह्यलं आता? पण नातवाला होऊ द्या." म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर आपण जो कागद ठेवणार आहोत, त्यातले हे वाक्य धादांत खोटे आहे. मग आपण ते का लिहितो? कारण तीन-चार पिढ्या आपल्याला असे शिकवले गेले, की सरकारच्या दारात जायचे तर फाटका सदरा घालून जायचे. दारिद्र्य दाखवले तर साहेबाला पाझर फुटतो, आणि घडीची पँट घालून गेलात तर 'तुम्हाला काय कमी आहे?' हा प्रश्न येतो.

पण या वाक्याला सरकार जे उत्तर देते ते तरी नीट पाहा. भाकरी मागितली, रेशनवर महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळाले. अंगभर कपडा मागितला, २०१९ पासून केंद्राचे वर्षाला ६,००० रुपये खात्यावर येऊ लागले, २०२३ पासून राज्याने त्यात आणखी ६,००० घातले. दोन्ही मिळून महिन्याला १,००० रुपये. आपण जेवढे मागितले तेवढे मिळाले, तर आता तक्रार कसली? निवेदनाच्या तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही समाधानी असल्याचे लिहून दिले आहे आणि चौथ्या परिच्छेदात कांद्याचा भाव मागता आहात. समोरचा साहेब बुद्धिमान असेल तर तो तिसऱ्या परिच्छेदावरच सही घेईल.

हाव हा शब्द कधी बाहेर निघतो

मे २०२३ मध्ये टोमॅटोला किलोला दोन-तीन रुपये मिळत होते आणि नाशिक जिल्ह्यात लोकांनी क्रेट रस्त्यावर ओतले. त्या वेळी शहरातल्या एकाही ग्राहकाने 'इतक्या स्वस्तात घेणे ही माझी हाव आहे' असे म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, तोच टोमॅटो शहरांत शंभरीच्या वर गेला. मग मात्र वर्तमानपत्रांना शेतकरी दिसला. जुन्नरकडच्या काही जणांना त्या हंगामात खरोखर मोठे पैसे मिळाले. बातम्या अशा थाटात आल्या, की जणू त्यांना लॉटरी लागली. मागल्या हंगामात त्यांनी काय ओतून दिले होते, तार-काठी-मल्चिंगचा खर्च किती, दहा जणांचे प्लॉट व्हायरसने बसले म्हणून अकराव्याला भाव मिळाला, यातले काही त्या बातमीत नव्हते. ऑगस्टमध्ये केंद्राने नेपाळहून टोमॅटो आणल्याचे संसदेत जाहीर केले. सप्टेंबरमध्ये पुन्हा क्रेट रस्त्यावर. मे आणि सप्टेंबर यांच्यामधल्या त्या सहा-आठ आठवड्यांपुरता हाव हा शब्द वापरात होता. बाकी वर्षभर तो कपाटात.

कांद्याची गोष्ट तर तुम्हाला आम्ही सांगायची म्हणजे लासलगावात कांदे विकायला नेण्यासारखे आहे. तरीही एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तिच्यात आमचाही दोष आहे.

संघटनेच्या कामात येण्याआधी आम्ही नोकरीत होतो. कृषी पदवी हातात, मोटारसायकलवर योजनांची माहितीपत्रके. कांदाचाळीचे अनुदान हा त्यातला आमच्या विशेष जिव्हाळ्याचा विषय. चाळ बांधा, उन्हाळ कांदा मे महिन्यात मातीमोल विकू नका, पावसाळ्यात भाव निघाल्यावर विका, हे आम्ही गावोगाव सांगितले आणि त्यात शास्त्रीयदृष्ट्या चूक काहीच नव्हते. देशाच्या कांद्यापैकी निम्म्याहून जास्त कांदा उन्हाळी. तो एप्रिल-मे मध्ये एकदम निघतो आणि खरिपाचा नवा कांदा येईपर्यंत देशाला पुरवायचा असतो. कोणीतरी तो राखलाच पाहिजे. राखणे फुकट होत नाही: वजन घटते, सड लागते, ऑगस्टनंतर कोंब फुटू लागतात, आणि चौथा हिस्सा, वर्ष वाईट असले तर तिसरा हिस्सा चाळीतच जातो. गळालेला कांदा निवडून बाहेर काढायला घरच्या बायका दर आठ-पंधरा दिवसांनी त्या वासात बसतात. तालुक्यातल्या एका अण्णांनी आमच्या सांगण्यावरून २५ टनांची चाळ बांधली. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाला, अण्णांना 'प्रगतिशील शेतकरी' म्हणून शाल मिळाली.

२०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला होता, ते साल हे. मार्च-एप्रिलच्या अवकाळीने कांदा आधीच टिकाऊ राहिला नव्हता. तरी अण्णांनी चाळ भरली. ऑगस्टमध्ये भाव जरा हलू लागला, आणि १९ ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरचा किमान निर्यातभाव, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरळ निर्यातबंदी. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलरचा किमान भाव आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. शुल्क पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडले.

शुल्क लागल्यावर चार दिवसांनी आम्ही अण्णांकडे गेलो होतो. पुण्याहून त्यांच्या मेव्हण्यांचा फोन आला, तो त्यांनी आमच्यासमोरच घेतला. मेव्हणे कारखान्यात नोकरीला, माणूस सज्जन. "अण्णा, आता तरी काढा की कांदा. किती हाव धरायची? लोकांनी खायचं काय?" अण्णांनी फोन ठेवला आणि आमच्याकडे न पाहताच बोलले, "साहेब, चाळ बांधली तव्हा तुम्ही मला प्रगतिशील म्हणले. चाळ भरली तर मी हावरा. मग बांधाया कशाला लावली?" दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन ट्रॉल्या भरल्या. भाव तोवर खाली आलेला होता. ते पैशाच्या गरजेने गेले नाहीत, भावाच्या अंदाजानेही नाही. लाजेने गेले.

ही लाज म्हणजे शेतीमालावरचा सर्वांत स्वस्त कर आहे. तिच्या वसुलीला मामलेदार लागत नाही, जप्ती लागत नाही. मेव्हण्याचा फोन पुरतो.

आणि ज्याला साठेबाजी म्हणतात ती सरकारने केली तर काय म्हणतात? त्याच २०२३ साली सरकारने स्वतःचा कांद्याचा साठा ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेला. त्याचे नाव बफर. भाव चढला की हाच कांदा बाजारात सोडायचा, म्हणजे अण्णाचा भाव पडेल. अण्णांचे २५ टन मात्र समाजद्रोह. २३ ऑक्टोबर २०२० ला घाऊक व्यापाऱ्याला साठ्याची मर्यादा घातली, तीही किती? २५ टन. म्हणजे सरकारी अनुदानाची एक चाळ एका व्यापाऱ्याने विकत घेतली, की त्याची मर्यादा भरली. दुसऱ्या शेतकऱ्याच्या चाळीपुढे तो उभा राहू शकत नाही. लिलाव बंद पडले ते उगीच नव्हते. चाळीचे अनुदान एका खात्याचे, साठ्याची मर्यादा दुसऱ्या खात्याची. दोघांनी एकमेकांना विचारले नाही असे म्हणून सोडून देता येईल. पण आम्हाला तसे वाटत नाही. शेतकऱ्याने पिकवावे, राखावे, सांभाळावे, फक्त त्यातून वर येऊ नये, एवढे एकच सूत्र धरले तर दोन्ही खाती अगदी एका विचाराने चाललेली दिसतात.

श्रीमंतीची वरची रेघ

हे सूत्र कायद्याच्या पुस्तकातही आहे. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा १९५५ चा. २०२० मध्ये तो सैल करण्याचा प्रयत्न झाला. त्यातही नाशवंत मालाचा भाव दुप्पट झाला आणि धान्याचा दीडपट झाला, तर मर्यादा घालायची सोय सरकारने राखून ठेवली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये तोही बदल बाकीच्या दोन कायद्यांबरोबर रद्द झाला आणि पुन्हा १९५५ च उरले. भाव निम्म्यावर आला तर सरकारने काय करावे याचे कलम मात्र १९५५ मध्येही नव्हते आणि २०२० मध्येही नव्हते.

दुसरे उदाहरण जमिनीचे. महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल धारणेचा कायदा १९६१ चा. १९७५ मध्ये मर्यादा खाली आणून बारमाही बागायतीला १८ एकर आणि कोरडवाहूला ५४ एकर केली. शहरातल्या जमिनीलाही १९७६ मध्ये कमाल मर्यादा आली होती. ती केंद्राने १९९९ मध्ये उठवली, महाराष्ट्राने २००७ मध्ये. का उठवली? तर शहराची वाढ अडते, गुंतवणूक येत नाही, म्हणून. अगदी बरोबर कारण आहे. मग तेच कारण शेताला का लागू पडत नाही? आज ५४ एकर आहे कोणाकडे, असे तुम्ही विचाराल. खरे आहे, भाऊवाटण्यांनी मर्यादेचे काम कायद्याआधीच उरकले, बहुतेकांच्या सातबाऱ्यावर दोन-अडीच एकर उरले आहेत. पण आम्ही एकरांबद्दल बोलत नाही. बिल्डरने किती मोठे व्हावे याला रेघ नाही, आणि दोन एकरवाल्याच्या मुलाने शेतीतून किती मोठे व्हावे ही रेघ त्याच्या जन्माआधीच मारून ठेवलेली आहे, याबद्दल बोलतो आहोत.

नोकरदारांचा आम्ही हेवा करत नाही. २०१६ पासूनच्या सातव्या वेतन आयोगाने किमान मूळ पगार ७,००० वरून १८,००० वर नेला, आठव्याची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली. चांगले झाले, त्यांनी आणखी मागावे. फक्त त्या मागणीच्या कागदावर 'आम्हाला श्रीमंत व्हायचे नाही' असे वाक्य त्यांच्या संघटनेने घातलेले आम्ही कधी पाहिले नाही, हे आपल्या मसुदा समितीच्या नजरेस आणून देतो.

दीडशे वर्षांचा एकच पाढा

शेतकरी कर्जात का? तर उधळ्या आहे म्हणून. लग्नात पैसे उडवतो म्हणून. ऐपत नसताना मोठेपणाची हाव म्हणून. हे आजचे नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि बंड पुणे-नगरच्या गावांत पसरले. इंग्रज सरकारने आयोग नेमला. त्या काळच्या साहेब लोकांची आवडती समजूत हीच होती, की रयत लग्नकार्यात बुडते. आयोगाने चौकशी केली आणि आपल्या अहवालात नमूद केले, की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. पोटाला धान्य, बी, बैल आणि सरकारचा सारा यांसाठी पुन्हा पुन्हा काढावे लागणारे लहान लहान कर्जच डोंगराएवढे होते. परक्या सरकारचा आयोग! त्याला एवढे दिसले. त्यानंतर बरोबर दीडशे वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री आपल्याच नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांना विचारतात, की कर्जमाफीच्या पैशाचे तुम्ही काय करता, साखरपुडे करता, लग्ने करता. पुढे त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. ती आम्हाला महत्त्वाची वाटत नाही. वाक्य तोंडात तयार होते, हे महत्त्वाचे.

आणि करत असेल शेतकरी मुलीचे लग्न थाटात, तर? कोणाच्या बापाचे काय जाते? मुंबईत जो लग्नावर खर्च करतो त्याचे फोटो हीच मंडळी हौसेने पाहतात.

आमचा कबुलीजबाब

आम्ही जे शिकलो त्यातही हाच पाढा होता. चार वर्षे कृषी महाविद्यालयात पिकाला नत्र किती, स्फुरद किती, रोपातले अंतर किती, हे शिकवले. हेक्टरी उत्पादन हा देव. शेतकऱ्याला उरले किती, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा आमच्या डोक्यात एक 'आदर्श शेतकरी' होता: कष्टाळू, काटकसरी, नवे तंत्र घेणारा आणि मागणे नसलेला. असा माणूस आम्हाला बांधावर काही भेटला नाही. जे भेटले ते नवे तंत्र घेत होते ते पैशासाठी.

द्राक्षाचे पाहा. हमीभाव नाही, सरकारी खरेदी नाही. तासगाव भागातल्या एका बागायतदाराने आपल्याच बागेत निवड करून 'तास-ए-गणेश' काढले, सोलापूरजवळच्या नान्नजच्या बागायतदाराने लांब मण्याचे 'सोनाका' काढले. हजारो वेली सगळेच पाहतात. एका फांदीवरचा मणी इतरांपेक्षा लांब आहे हे ज्याच्या डोळ्यात भरते, तो डोळा समाधानी माणसाचा नसतो. त्याला जास्त भाव हवा असतो. २०१० मध्ये एका संजीवकाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षे अडवली. कित्येक बागायतदार त्या एका हंगामात झोपले. अनुदानाची वाट पाहत बसलेल्यांपैकी ते नव्हते. पुढल्या छाटणीपासून फवारणीच्या वह्या लिहू लागले, अंश तपासून घेऊ लागले, आणि पुन्हा युरोपात गेले. ही हाव असेल तर ती शिस्त लावणारी हाव आहे. आमच्या खात्याच्या वीस वर्षांच्या माहितीपत्रकांनी एवढी शिस्त लावली नव्हती, हे आम्ही स्वतः ती वाटलेली असल्यामुळे सांगू शकतो.

आता ज्याला हाव नव्हती त्याचेही पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातले नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दीड-दोन एकरांचा धनी. १९८० च्या दशकात आपल्या भाताच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी राखल्या, वर्षामागून वर्षे निवडत गेले आणि त्यातून बारीक, चवदार तांदळाचे वाण उभे राहिले. त्या दिवसांत गाजत असलेल्या घड्याळाचे नाव त्याला पडले, एचएमटी. ते वाण जिल्ह्याच्या, राज्याच्या हद्दी ओलांडून गेले. आजही दुकानात जाऊन तुम्ही त्याच नावाने तांदूळ मागता. दादाजींनी मागायला येईल त्याला बियाणे दिले. पुढे आणखीही वाणे काढली. त्यांना मानपत्रे मिळाली, पदके मिळाली, परदेशी मासिकाच्या यादीत नाव आले. निःस्पृह, निरिच्छ, थोर असे सगळे शब्द त्यांच्यासाठी खर्च झाले. जून २०१८ मध्ये ते गेले. शेवटची वर्षे पैशाच्या ओढगस्तीत गेली, हे त्या वेळी वर्तमानपत्रांनीच छापले.

दादाजींबद्दल आमच्या मनात अपार आदर आहे, आणि म्हणूनच त्या सत्कारांची चीड येते. ज्या समाजाने त्यांच्या निरिच्छपणाला हार घातला, त्या समाजाच्या हे फार सोयीचे होते. त्यांनी प्रत्येक पोत्यामागे एक रुपया मागितला असता तर हार घालणाऱ्यांतले किती उरले असते?

खऱ्या हावेचे काय?

येवल्याच्या त्याच बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला अडवले. म्हणाला, दादा, गावात हावरे नाहीत का? बांध कोरणारा आहे, काटा मारणारा आहे, बोगस बियाणे विकणारा आहे, भावजयीचे नाव सातबाऱ्यावरून उडवणारा आहे. प्रश्न अगदी बरोबर आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. पण या प्रत्येकाला आपल्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे. बांध कोरणे ही चोरी. काटा मारणे ही चोरी. बोगस बियाणे ही फसवणूक. भावजयीचा हिस्सा खाणे ही लूट, आणि ती आपल्यातलेच काही सभेत पुढच्या रांगेत बसणारे करतात. यांना हाव म्हणणे म्हणजे त्यांचा गुन्हा सौम्य करणे होय. चोरी कोणी श्रीमंत होण्यासाठी केली की पोटासाठी, तरी चोरीच. आणि ज्याने कोणाचे काही चोरले नाही, समोरच्याला 'नको' म्हणायची मोकळीक ठेवून आपला माल आपल्या भावाने मागितला, त्याच्या मनात किती इच्छा आहे हे मोजायचा अधिकार तहसीलदाराला नाही, मंत्र्याला नाही आणि मेव्हण्यालाही नाही. अण्णांचा कांदा महाग वाटला तर घेऊ नका. अण्णा तुमच्या दारात बंदूक घेऊन आलेले नाहीत. आले ते सरकार, अण्णांच्या दारात, शुल्काचा कागद घेऊन.

बैठकीत माळकरी मंडळीही होती. त्यांचे म्हणणे, संतांनी लोभ वाईट सांगितला आहे, त्याचे काय? आमच्याही घरात वारी आहे, तेव्हा हे हसण्यावारी नेणार नाही. देहूच्या तुकोबांनी सावकारीची आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. आपल्या वाट्याची. भावाच्या हिश्श्याची खते त्यांनी भावाकडेच ठेवली, हीही परंपराच सांगते. सोडायचे ते स्वतःचे. शेजाऱ्याच्या मालाची निर्यात अडवून शेजाऱ्याला वैराग्य शिकवण्याचा प्रकार आम्हाला कोणत्याही गाथेत आढळलेला नाही. अण्णांना उद्या वाटले की पैसा पुरे, तर ते माळ घालून पंढरीला जातील. पण आधी पैसा पाहिजे आणि तो त्यांच्या हातात पाहिजे.

एक गोष्ट मायबहिणींसमोर बोलायला संकोच वाटतो, पण बोलतो. आपल्या गावांत तिशी उलटलेली पोरे बिनलग्नाची बसली आहेत आणि पारावर सर्रास ऐकू येते, की आजकालच्या मुली हावऱ्या झाल्या, त्यांना नोकरीवाला पाहिजे, पुण्यात फ्लॅट पाहिजे. हेच ते. मेव्हण्याने अण्णांना जो शब्द वापरला तोच आपण आपल्या पोरींना वापरतो. ज्या मुलीने आईला चाळीत सडका कांदा निवडताना पाहिले, पट्टीवर शून्याचा आकडा पाहिला, बापाच्या खिशातली औषधाची चिठ्ठी पाहिली, तिने शेतीचा हिशेब आपल्या सर्व अर्थतज्ज्ञांपेक्षा चोख केला आहे. ती शेतकऱ्याला नाकारत नाही, ती दोन वेळच्या भाकरीला नाकारते आहे. त्याच भाकरीला, जी आपण तिसऱ्या परिच्छेदात पुरेशी असल्याचे लिहून देतो आहोत. बैठकीत हे बोललो तेव्हा मागे बसलेल्या बायांपैकी एक जण उठून म्हणाली, "माझी पोर बी नाहीच म्हणती, अन् मी बी तिला व्हय म्हण म्हणत नाही." पुरुषमंडळी गप्प होती.

तेव्हा मसुद्याबद्दल. तिसऱ्या परिच्छेदातले ते वाक्य काढून त्या जागी पुढील वाक्य घालावे, अशी आमची दुरुस्ती आहे: 'शेतकऱ्याला आपल्या मालाच्या व्यापारातून श्रीमंत व्हायचे आहे, त्याच्या मार्गात सरकारने निर्यातबंदी, साठामर्यादा व पाडून आणलेली आयात उभी करू नये.' काहींना 'श्रीमंत' हा शब्द बोचतो, त्याऐवजी 'सुखी' किंवा 'स्वावलंबी' घालावा अशी सूचना निफाडकडून आली आहे. आमचा तिला विरोध आहे. सुखी आहोत असे तर आपण आधीच लिहून दिले होते.

मसुदा छापायला जाण्यापूर्वी जिल्हा बैठकीत तो मोठ्याने वाचला जाणार आहे. अण्णा येणार आहेत, आणि दुरुस्ती त्यांनीच मांडावी अशी आम्ही त्यांना गळ घातली आहे. अजून ते हो म्हणालेले नाहीत. सभेत पोराबाळांसमोर 'मला श्रीमंत व्हायचंय' असे म्हणायला जीभ वळत नाही, म्हणतात. अनुमोदनाला येवल्यातून दोघांनी नावे दिली आहेत. चांदवड आणि सटाण्यातून आणखी नावे आली, विशेषतः बायांची, तर ती बैठकीच्या आधी कळवावीत.